सर्जपासून यंत्रं वाचवायची तर काय घ्यावं: स्टॅबिलायझर, स्पाइक गार्ड, एसपीडी की यूपीएस?

दुकान असो, दवाखाना असो की छोटा कारखाना, एखादं यंत्र जळालं की पहिला सल्ला मिळतो तो "स्टॅबिलायझर बसवून घ्या" असा. सर्जवर हा उपाय चालत नाही, म्हणून आधी त्याच्याबद्दलच सांगतो.

सर्ज म्हणजे काही मायक्रोसेकंदांत येऊन जाणारा व्होल्टेजचा झटका. जवळपास वीज पडली किंवा आपल्याच जागेतली मोठी मोटर बंद झाली तरी तो येतो, आणि क्षणभर व्होल्टेज हजारांच्या घरात जाऊ शकतं. स्टॅबिलायझरचा रिले (आतला आपोआप चालणारा स्विच) हलायलाच काही मिलिसेकंद लागतात, तोवर झटका आतल्या सर्किटपर्यंत पोचलेला असतो. एमसीबीही, म्हणजे जादा करंट वाहिला की पडणारा स्विचही, त्याला अडवू शकत नाही. तासन्‌तास कमी किंवा जास्त राहणारं व्होल्टेज सावरणं हे स्टॅबिलायझरचं काम. तो त्रास असेल तर जरूर घ्या, पण त्याच कामासाठी.

खरी निवड आहे ती पॅनेलमध्ये बसणारा एसपीडी (सर्ज प्रोटेक्टिव्ह डिव्हाइस, म्हणजे सर्जपासून वाचवणारं उपकरण) आणि सॉकेटपाशी लावायचा स्पाइक गार्ड यांत. दोन्हींच्या पोटात बहुधा व्हॅरिस्टरच असतो: व्होल्टेज चढलं की तो झटक्याला बाजूची वाट मोकळी करून देतो. फरक आहे ताकदीचा आणि जागेचा. टाइप २ एसपीडी मुख्य डीबीत, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या पॅनेलमध्ये, बसतो आणि दहा-दहा किलोअँपिअरच्या पटीतले झटके झेलतो. स्पाइक गार्डची कुवत त्याहून बरीच कमी, आणि तो वाचवतो फक्त त्यात खोचलेलं यंत्र. लिफ्ट, पंप, मोठा एसी यांना प्लगच नसतो. म्हणून एकाच ठिकाणी खर्च करायचा असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: पॅनेल. नाजूक यंत्र पॅनेलपासून १० मीटरहून लांब असेल तर त्याच्यापाशी टाइप ३, म्हणजे यंत्राजवळ बसणारा कमी कुवतीचा एसपीडी, आणखी लावावा. इमारतीवर तडितरक्षक असेल तर मुख्य पुरवठ्यावर टाइप १, म्हणजे थेट पडलेल्या विजेचा झटका झेलणारा एसपीडी, हवा.

विकत घेताना किलोअँपिअरचा मोठा आकडा पाहून भुलू नका. झटका आल्यावर एसपीडी पुढे किती व्होल्टेज जाऊ देतो, तो आकडा विचारा. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर नेहमीची उपकरणं २.५ किलोव्होल्टचा झटका सोसतील अशी धरलेली असतात, नाजूक इलेक्ट्रॉनिक्स १.५. त्यामुळे दीड किलोव्होल्ट किंवा त्याहून कमी आकडा असलेला घ्या.

आता सगळ्यात जास्त चूक होते ती गोष्ट, जोडणीच्या तारा. झटक्याच्या वेळी दर मीटर तारेवर ढोबळमानाने १ किलोव्होल्ट जादा चढतो. फेजपासून एसपीडी आणि तिथून अर्थची पट्टी, दोन्ही मिळून तार अर्ध्या मीटरच्या आत हवी, सरळ हवी. उरलेली तार गुंडाळून पॅनेलमध्ये कोंबली की उत्तम एसपीडीही निम्म्या कामाचा उरतो. अर्थिंग तपासून घेतलेलं नसेल तर आधी ते करा, खरेदी नंतर.

यूपीएसचं थोडक्यात. ऑनलाइन प्रकारात वीज दोनदा रूपांतरित होते, त्यामुळे पुढच्या यंत्राला स्वच्छ पुरवठा मिळतो. पण झटका यूपीएसच्या स्वतःच्या तोंडावर बसतो, म्हणून त्याच्या आधी एसपीडी लागतोच. ऑफलाइन प्रकारात वीज असताना पुरवठा जवळपास तसाच पुढे जातो. सर्व्हरसाठी ऑनलाइनच घ्या.

एक संकट मात्र यातला एकही एसपीडी थांबवत नाही: तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल तुटणं. मग काही दिवे मिणमिणतात, काही डोळे दिपवतात, आणि एखाद्या फेजवर २३० च्या जागी ४०० च्या दिशेने व्होल्टेज चढतं. हे मायक्रोसेकंदांत संपत नाही, मिनिटंही टिकतं. व्हॅरिस्टर तापून जळतो. त्यासाठी ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यावर पुरवठा तोडणारा ओव्हरव्होल्टेज रिलेच हवा. एकाच वेळी बरीच यंत्रं गेली असतील तर पहिला संशय न्यूट्रलवर घ्या.

नेटवर्क आणि कॅमेऱ्यांच्या केबल बाहेरून आत येत असतील, तर त्यांनाही वेगळे प्रोटेक्टर लागतात. विजेच्या बाजूने सगळं नीट करूनही राउटर जातो तो याच वाटेने. आणि मोठं वादळ होऊन गेलं की डीबी उघडून एसपीडीची स्थिती दाखवणारी खिडकी बघा. लाल दिसली तर कार्ट्रिज बदला, कारण जागेतले दिवे चालूच असतात आणि संरक्षण गेलेलं कळत नाही.