वॉर्मर की आईची छाती? कमी दिवसांच्या बाळाची ऊब

श्वास अडखळतोय, झटके येतायत, बाळ शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडलेलं) आहे, तर वॉर्मर (वरून उष्णता देणारं मशीन) आणि नर्सची नजर हवीच; तिथे वाद नाही. फक्त पोटावरचा सेन्सर नीट चिकटलाय ना, ते पाहावं. तो सुटला की मशीनला बाळ गार वाटतं, उष्णता वाढत जाते आणि बाळ तापतं. उघड्या वॉर्मरखाली अंगातलं पाणीही जास्त उडतं.

बाकी बाळांसाठी आईची छाती. बाळाला उघड्या छातीशी, अंगाला अंग लावून धरायची ही कांगारू पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली, कारण इन्क्युबेटर (बाळाला ऊब देणाऱ्या बंद पेट्या) अपुरे पडत होते. म्हणून तिला गरिबांची तडजोड समजतात, ते चूक. भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात (२०२१) १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यावर लगेच छातीशी धरलं, तेव्हा मृत्यू सुमारे २५ टक्के कमी झाले.

बाळाला टोपी, लंगोट, मोजे, बस्स. दोन स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे, डोकं एका बाजूला वळवून मान किंचित वर. बांधलेलं कापड सैल पडलं की बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते. एका बैठकीत किमान तासभर, दिवसात ८ ते २४ तास. आई दमली तर बाप, आजी, मावशी कुणीही चालेल. (बाप लाजतात, त्यांची छातीही तेवढीच गरम असते!)

जळगावच्या मे महिन्यात वरून गोधडी नको; काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस राहायला हवं. धडगावहून नंदुरबारला हलवताना मात्र डोकं झाकून, छातीशी बांधूनच न्यावं. सातपुड्याच्या घाटात थंडी लवकर बाधते.