नायलॉन सांगून भलतंच: माझ्या पोनीची मूळ आयाळ गेली ती गेलीच

वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला. नव्या आयाळीतले चार केस कापून त्यात बुडवले आणि बोटाने तळाशी दाबून धरले. बोट उचललं तसे ते सुळकन वर आले. पुन्हा दाबले, पुन्हा वर. नायलॉन पाण्यापेक्षा जड असतं, ते तळाशी बसायला हवं. तरंगतं ते पॉलिप्रॉपिलीन. आणि मी पैसे मोजले होते नायलॉनचे.

पोनी म्हणजे प्लास्टिकचं खेळण्यातलं छोटं घोडं; माझीचं नाव स्नझल. हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने १९८३ साली ‘माय लिटल पोनी’ नावाची ही खेळणी बाजारात आणली, तेव्हाच्या पहिल्या सहांपैकी ही एक. राखाडी अंग, गुलाबी केस, मागच्या मांडीवर हृदयाच्या आकाराचे बदाम. जुन्या खेळण्यांच्या ढिगातून मला मिळाली तेव्हा आयाळीचा नुसता गुंता झाला होता, पण केस सगळे जागेवर होते. हे ‘सगळे जागेवर’ किती मोलाचं आहे ते तेव्हा कळलं नाही.

केस नव्याने लावून देणाऱ्या एका बाईंचा पत्ता लागला. कामाचे आधीचे-नंतरचे फोटो झकास. मी माझ्या पोनीचा एकच फोटो पाठवला, तोही अंधुक. पाच मिनिटांत उत्तर: “केस मेलेत. सगळे उपटून नवे लावावे लागतील.” माझं डोकं इथेच ठिकाणावर असायला हवं होतं. केस जळलेत का, कापलेत का, जवळून फोटो द्या, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. गुंता झाला म्हणजे केस मेले असं होत नाही. कोमट पाणी, साबण, भरपूर कंडिशनर आणि रुंद दातांची फणी घेऊन टोकाकडून वर सोडवत गेलं, की दोन-तीन संध्याकाळींत बहुतेक गुंते सुटतात. रीहेअर, म्हणजे जुने केस काढून नवे लावणं, करायचं ते केस जळले, कोणी कात्री चालवली किंवा झुपकेच गळून पडले तर. पुढे ती पोनी विकताना रीहेअर झाल्याचं सांगावंही लागतं, आणि सांगितलं की किंमत उतरते.

“केस खास मागवावे लागतात,” म्हणून पूर्ण रक्कम आगाऊ. दिली.

पार्सल उघडलं तेव्हा मी हरखलेच. आयाळ दाट, शेपटीला बाक. त्याच भरात कौतुकाचे चार शब्द लिहून पाठवले. ते शब्द त्या बाई आजही नव्या गिऱ्हाइकांना दाखवतात, याचा राग पैशांपेक्षा जास्त आहे.

आठवड्याने बोटं फिरवताना हाताला मेणचट लागलं. जरा ओढ बसली आणि अख्खा झुपका हातात आला. मग तो वाटीचा प्रयोग केला, आणि त्यानंतर मान उघडली. गरम पाण्यात धरून प्लास्टिक मऊ झालं की चमच्याच्या दांड्याने डोकं अलगद सुटतं. नीट केलेल्या कामात प्रत्येक झुपका आपापल्या भोकातून ओवलेला असतो आणि आतल्या बाजूला गाठ मारून वर गोंद लावलेला असतो. इथे गाठ नावालाही नव्हती, पिवळट गोंदाचा एक गोळा होता. केस एक भोक सोडून एक, मधली भोकं गोंदानेच बुजवलेली. जुने झुपके इतके खसाखसा ओढलेले, की एके ठिकाणी दोन भोकांमधलं प्लास्टिकच फाटलं होतं. शेपूट आतून एका धातूच्या चकतीने धरलेली असते, ती गंजते. ती काढणं हे या कामातलं पहिलं पाऊल. बाईंनी तीच गंजकी चकती ठेवून त्यावर नवी शेपूट बांधली होती. पहिल्याच धुण्यात शेपटीतून नारिंगी पाणी निघालं.

विचारल्यावर आधी उत्तर आलं, “तुम्हीच गरम पाणी घातलं असेल.” मग, “नायलॉनच आहे, साठा वेगळा आहे.” तरंगणाऱ्या केसांचा व्हिडिओ पाठवला तशी मी ब्लॉक. त्याआधी एकदा जुने केस परत मागितले होते, तर म्हणे फेकले. मूळ गुलाबी केस कोणी असे फेकत नाही, दुसऱ्या पोनीची विरळ आयाळ भरायला ते सोन्यासारखे उपयोगी पडतात. माझे कुठे गेले हे शपथेवर सांगता येणार नाही, पण अंदाज तुम्हीही करू शकता.

पोनी पाठवण्याआधी मी खुरांचे फोटो मात्र काढले होते. सुरुवातीच्या स्नझल पोनींच्या खुरांचे तळ सपाट असायचे, नंतरच्यांच्या तळाला खळगा आला. माझी सपाट तळाची होती आणि तीच परत आली, एवढं तरी नशीब. आता कोणाला काम द्यायचं झालं तर आधी केसांचा नमुना मागवून वाटीत बुडवते. निम्मी रक्कम आधी देते आणि उरलेली डोकं उघडं असतानाचा आतला फोटो आल्यावर. जुने केस पिशवीत घालून परत हवेत, हे आधीच लिहून घेते. खऱ्या कारागिराला यातलं काहीच जड जात नाही. दोघींना विचारून पाहिलं, दोघी लगेच हो म्हणाल्या.

स्नझलचं काम मात्र मी स्वतःच घेतलंय. गोंद खरवडण्यात दोन रविवार गेले, गंजकी चकती काढली, आयाळीतल्या तीन ओळी नायलॉनने ओवून झाल्या. त्या फाटलेल्या जागी झुपका कसा धरून ठेवायचा, ते अजून सुचत नाहीये.