इन्व्हेस्टमेंट बँक की प्रॉडक्ट कंपनी? लांबच्या पल्ल्याचा विचार करणाऱ्या इंजिनिअरसाठी

दोन ऑफर हातात आल्या की बहुतेक जण आधी पगाराचे आकडे शेजारी शेजारी मांडतात. दोन-तीन वर्षांचाच प्रश्न असेल तर तेवढं पुरतंही. पण पंधरा-वीस वर्षं काढायचा विचार असेल, तर मी आधी वेगळाच प्रश्न विचारेन : एखाद्या हुशार नवख्याला सहा महिन्यांत शिकता येणार नाही असं काय तुमच्याजवळ दहा वर्षांनी साठलेलं असेल? जागतिक इन्व्हेस्टमेंट बँक (बाजारात मोठे सौदे करणारी बँक) आणि मोठी प्रॉडक्ट कंपनी (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून लोकांना वापरायला देणारी) यांची वाट इथेच वेगळी होते.

प्रॉडक्ट कंपनीत प्रामुख्याने तंत्र साठतं. कोट्यवधी लोक एकाच वेळी वापरतात अशी सिस्टिम कशी उभी करायची, ती कशी मोजायची, कशी वेगाने बदलायची, हे तिथे फार उत्तम शिकायला मिळतं. हे ज्ञान दुसऱ्या कंपनीतही तसंच चालतं. मात्र तंत्र बदलत राहतं, त्यामुळे दर चार-पाच वर्षांनी बरंचसं नव्याने शिकावं लागतं.

बँकेत साठतो तो व्यवसाय. ट्रेडरने सौदा केला की त्याची नोंद होते, किंमत काढली जाते, रिस्क (तोट्याची शक्यता) मोजली जाते, समोरच्या पक्षाकडून खात्री करून घेतली जाते, मग सेटलमेंट (पैसे आणि शेअर-रोख्यांची प्रत्यक्ष देवघेव), हिशेब आणि नियामकाकडे अहवाल. यातली प्रत्येक पायरी वेगळी सिस्टिम सांभाळते आणि त्यातल्या काही सिस्टिम फार जुन्या असतात. व्याजदराचा एखादा स्वॅप (स्थिर आणि बदलत्या व्याजाची अदलाबदल करण्याचा करार) तीस वर्षांचाही असतो. तो संपेपर्यंत त्याचं मूल्य रोज काढावं लागतं. सकाळी रिस्कचा आकडा चुकीचा दिसला, तर चूक बाजारभावात आहे, मॉडेलमध्ये आहे की काल रात्री अडकलेल्या जॉबमध्ये, हे दहा मिनिटांत ओळखणारा इंजिनिअर ट्रेडिंग डेस्कला, म्हणजे ट्रेडरांच्या टीमला, हवाच असतो. ही नजर कोर्स करून येत नाही, वर्षं घालवूनच येते.

शिवाय नियम बदलत राहतात आणि प्रत्येक बदल कोडपर्यंत पोचतो. लिबॉर हा बँकांमधल्या कर्जाचा, जगभरच्या करारांत आधार म्हणून वापरला जाणारा व्याजदर २०२१ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने बंद झाला. डॉलरच्या लिबॉरचे उरलेले मुख्य दर जून २०२३ मध्ये संपले. करारांत, मॉडेलांत, अहवालांत तो जिथे जिथे रुतलेला होता तिथून उपटून काढायला बँकांना काही वर्षं लागली. अमेरिकेत २८ मे २०२४ पासून शेअरचं सेटलमेंट सौद्यानंतर एका दिवसात होऊ लागलं. युरोपीय संघ आणि ब्रिटनने त्यासाठी ११ ऑक्टोबर २०२७ ही तारीख ठरवली आहे. जुन्या सिस्टिमची नाडी ओळखणाऱ्यांना अशा वेळी खरं काम आणि खरा मान मिळतो. मला स्वतःला बँकेतलं हे काम अतिशय समृद्ध वाटतं आणि बाहेर त्याची किंमत कमी लेखली जाते असंही वाटतं.

पण इथेच एक धोका आहे. गोल्डमन सॅक्सच्या सेकडीबी या रिस्क सिस्टिमसाठी स्लँग ही बँकेची स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा आहे. जेपी मॉर्गनने अथेना आणि बँक ऑफ अमेरिकाने क्वार्ट्झ या अशाच सिस्टिम उभारताना पायथन ही सगळीकडे चालणारी भाषा निवडली. दोन्हीकडे रिस्कचं ज्ञान सारखंच खोल मिळेल, पण दहा वर्षं फक्त घरच्या भाषेत आणि घरच्या टूल्समध्ये काढली तर बाहेरच्या मुलाखतीत हात आखडतो. अशा टीममध्ये जायला हरकत नाही. बाहेर चालणारी एखादी भाषा मात्र रोजच्या वापरात ठेवाच.

रोजच्या कामाचा वेगही वेगळा असतो. प्रॉडक्ट कंपनीत सकाळी लिहिलेला कोड संध्याकाळी लोकांपर्यंत गेलेला असू शकतो. बँकेत लिहिणारा एक, मंजुरी देणारा दुसरा, रिलीज करणारा कदाचित तिसरा, आणि वर्षअखेरीला बदलांवर बंदी. काहींचा यात जीव गुदमरतो. त्यामागचं कारण मात्र खरं आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी ब्रोकर कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहून गेला. तिथला जुना, निरुपयोगी झालेला कोड जागा झाला आणि सुमारे पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. ही काळजी ज्याला कामाचाच भाग वाटते, तो बँकेत रमतो.

आता पैसा. प्रॉडक्ट कंपनी साधारणपणे रुजू होतानाच शेअर ठरवून देते आणि ते बहुधा चार वर्षांत हप्त्याहप्त्याने हातात येतात. बँकेत बोनस दर वर्षी नव्याने ठरतो : तुमचं काम, विभागाची कमाई आणि संपूर्ण बँकेचं वर्ष, तिन्ही पाहून. तुम्ही उत्तम काम केलंत आणि बँकेचं वर्ष वाईट गेलं, तर आकडा खालीच येतो. वरच्या पातळीवर बोनसचा काही भाग शेअरच्या रूपात पुढच्या काही वर्षांवर ढकलला जातो. मध्येच स्पर्धकाकडे गेलात तर तो बहुतेकदा बुडतो. स्वतःच्या शेअर खरेदी-विक्रीसाठीही आधी परवानगी घ्यावी लागते. सरळ हिशेबात मोठी प्रॉडक्ट कंपनी बहुतेक इंजिनिअरांना जास्त देते. डेस्कला चिकटून काम करणारे थोडे जण याला अपवाद.

हुद्द्यांनी भारावून जाऊ नका. बँकेत क्रम असा : अ‍ॅनालिस्ट, असोसिएट, व्हीपी (व्हाइस प्रेसिडेंट), मग बऱ्याच ठिकाणी एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर, शेवटी एमडी (मॅनेजिंग डायरेक्टर). व्हीपी ही हजारो जणांची मधली पायरी आहे. खरा चढ त्यानंतर सुरू होतो, आणि तिथे माणसं न सांभाळता निव्वळ इंजिनिअर म्हणून वर जाण्याची वाट प्रॉडक्ट कंपनीत जास्त रुळलेली आहे.

नोकरीची शाश्वती कुठेच नाही. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी इन्व्हेस्टमेंट बँक १५ सप्टेंबर २००८ ला दिवाळखोरीत गेली, क्रेडिट स्विस ही स्विस बँक २०२३ मध्ये प्रतिस्पर्धी यूबीएसच्या पोटात गेली. त्याच सुमारास मेटाने ११,००० आणि गुगलने १२,००० लोक कमी करण्याचं जाहीर केलं.

माझा कौल असा : तंत्र हेच तुमचं प्रेम असेल आणि बाँड कसा चालतो याचं कुतूहल मनात उठत नसेल, तर प्रॉडक्ट कंपनी निवडा. बँकेत तुम्ही दुःखी व्हाल. ते कुतूहल असेल तर बँक निवडा, पण बँकेपेक्षा टीम जास्त पारखून घ्या. मुलाखतीत विचारा, तुमचा कोड वापरणारा ट्रेडर किंवा रिस्क मॅनेजर तुमच्याशी थेट बोलतो की मध्ये तीन माणसं असतात? गेल्या दोन वर्षांत या टीममधून किती जण बँकेतच दुसऱ्या डेस्कवर गेले? पहिल्याचं उत्तर थेट नसेल आणि दुसऱ्याचं शून्य असेल, तर नाव कितीही मोठं असो, ती ऑफर घेऊ नका.