शिशिर ते वसंत: एका रोजनिशीचा अनुभव

संक्रांतीला घेतलेली ही तिथीवार रोजनिशी आत्मपरीक्षणासाठी आहे असे वेष्टनावर छापले असले, तरी तिचा खरा उपयोग मला फाल्गुन अमावास्येला, म्हणजे पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी, मागची पाने चाळताना कळला. पहाटे फिरायला जाण्याचा संकल्प जेमतेम ११ दिवस टिकला होता. आईशी चढ्या आवाजात बोलल्याच्या नोंदी मात्र माघ सरता सरता विरळ झाल्या होत्या, आणि हे लिहून ठेवल्याशिवाय उमगले नसते. कागद जाड असल्याने शाई मागच्या बाजूला उमटत नाही. बांधणी मात्र कच्ची आहे. चैत्राचे पहिलेच पान शिलाईतून सुटून हातात आले, ते खळीने चिकटवावे लागले. महिनाअखेरची ‘स्वतःला गुण द्या’ ही चौकट मी कोरीच ठेवली. शाळा सुटून बरीच वर्षे झाली.