आईचं इम्प्लांट, पण आधी हिरडी

अमळनेरहून जळगावला आईच्या दातापायी सहा-सात चकरा झाल्या म्हणून लिहितोय. खालची डावी दाढ काढून दोन वर्षं झालेली, आधी जिथे दाखवलं तिथे म्हटले लगेच हाडात इम्प्लांटचा स्क्रू बसवून देतो, त्यावर नवा दात. जळगावच्या मॅडम हिरड्यांच्या स्पेशालिस्ट, त्या बारीक खुणांची सळी हिरडीत घालून हिरडी दातापासून किती मिलिमीटर खोल सुटलीय त्याचे आकडे असिस्टंटला सांगत गेल्या, तीन, चार, सहा, आणि मग एकदम विचारलं, "मावशी, मिसरी कधीपासून लावता?" आई म्हणे, "लगीन व्हयनं तवयपासून." मला वाटत होतं कधीच सोडली तिने!

मग काय, इम्प्लांट लांबलं. आधी स्केलिंग म्हणजे दातांची साफसफाई, शुगरची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट, मिसरी बंद. शेजारच्या दाढेची हिरडी उतरून मूळ उघडं पडलेलं आणि स्क्रूच्या जागी घट्ट हिरडी जेमतेम उरलेली. मॅडमनी आरसा धरून दाखवलं, गाल ओढला की हिरडी पण सोबत हलायची, अशा जागी स्क्रू बसवला तर ब्रश टोचतो, मग माणूस तिथे ब्रशच फिरवत नाही, घाण साचते, सूज येते आणि स्क्रूभोवतीचं हाड झिजत जातं. 2 मिलिमीटर तरी घट्ट हिरडी पाहिजे म्हणे.

म्हणून तोंडातल्या टाळूच्या कातडीची पट्टी काढून तिथे शिवली. भूल होती तोवर ठीक, पण नंतर खालच्यापेक्षा टाळूच जास्त ठणकली, हे कोणी आधी बोललंच नाही. दहा-बारा दिवस गार खिचडी नि केळं, आणि नेमके भरीताचे दिवस, आम्ही मळ्यात कळण्याच्या भाकरीसोबत हाणतोय आणि आई बाजूला बसून आमची तोंडं बघतेय. गुळण्यांच्या औषधाने दात तपकिरी झालेले, ते नंतर पॉलिश करून दिले, त्याचे पैसे नाही घेतले.

तीन महिन्यांनी स्क्रू बसला. आता हाडाने धरला की कॅप. हिरडी मात्र आता गाल ओढला तरी हलत नाही, मी स्वतः बघितली.

कामाला पैकीच्या पैकी. पण 11 ची अपॉइंटमेंट म्हणजे साडेबारा धरून चला, स्कॅनचे पैसे वेगळे हे बिलाच्या वेळी कळलं, आणि दुसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघेवाल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणार असाल तर आधी फोन करा, खालच्या खोलीत बघतात, हे पण आम्हाला चौथ्या चकरेला कळलं.