जर्मलाइन क्लोन की आरएनएआय? फळमाशीच्या भ्रूणात पोलॅरिटी बघताना

पोलॅरिटी म्हणजे पेशीच्या वरच्या-खालच्या बाजूंतला फरक. तो राखणारी एपीकेसी किंवा बझूका ही प्रोटीन्स काढली की भ्रूणाच्या एपिथेलियमचं (पेशींच्या सलग थराचं) काय होतं हे बघायचंय, तर खरी अडचण म्हणजे आईने अंड्यात आधीच भरून ठेवलेलं प्रोटीन, त्यामुळे नुसत्या झायगोटिक म्युटंटमध्ये (ज्यात फक्त भ्रूणाचा स्वतःचा जीन बिघडलेला असतो) सुरुवातीला फारसं काही दिसतच नाही.

ते काढायचे दोन मार्ग: आरएनएआय, म्हणजे जीनचा आरएनए नष्ट करून प्रोटीन कमी करणं, आणि जर्मलाइन क्लोन, म्हणजे आईच्या फक्त अंडी देणाऱ्या पेशी म्युटंट करणं. मेहनतीत आरएनएआय सरळ पुढे. मॅटर्नल गॅल४ची (अंडाशयात जीन चालू करणाऱ्या स्विचची) माशी हेअरपिनवाल्या (आरएनएआय घडवणारा आरएनए बनवणाऱ्या) माशीशी क्रॉस करा, त्यांच्या मुलींची अंडी गोळा करा, झालं. क्लोनसाठी आधी म्युटेशन एफआरटी क्रोमोसोमवर (ज्यावर जोडीतल्या क्रोमोसोमशी अदलाबदल होण्याची जागा असते) आणा, मग ओव्हो-डी या म्युटेशनच्या माशीशी क्रॉस, मग ती अदलाबदल घडवायला अळ्यांना ३७ अंशांवर हीट शॉक, वेळ जातोच.

पण सफाई क्लोनचीच. ओव्हो-डी असलेल्या पेशींतून अंडी तयारच होत नाहीत, म्हणून नल (जीन पूर्ण निकामी करणारं) म्युटेशन असेल तर हाती येणाऱ्या अंड्यात आईचं प्रोटीन शून्य. आरएनएआयमध्ये थोडं उरू शकतं आणि तेवढ्यावर जंक्शन्स (पेशींमधले सांधे) टिकली तर निष्कर्षच चुकतो, म्हणून दोन वेगळे हेअरपिन वापराच.

मात्र ही प्रोटीन्स अंडं घडतानाही लागतात, नल क्लोनमधून कधीकधी अंडीच मिळत नाहीत. तिथे उशिरा चालू होणारा गॅल४ बरा.

पेपरमधला मुख्य दावा असेल तर क्लोन, बरेच जीन्स चाळायचे असतील तर आरएनएआय. क्रम्ब्स या दुसऱ्या पोलॅरिटी जीनला दोन्ही नकोत, झायगोटिक म्युटंटमध्येच क्युटिकलचे (भ्रूणाच्या बाहेरच्या आवरणाचे) तुकडे दिसतात.