बोलणारा लॅपटॉप, बोलणारा पेन, टॅब की रोबो? लहान मुलांसाठी काय घ्यायचं

3 ते 6 वर्षांच्या मुलासाठी काहीतरी शिकवणारं इलेक्ट्रॉनिक खेळणं शोधायला गेलं की साधारण हे चार प्रकार समोर येतात. आमच्याकडे चारही वापरून झालेत म्हणून लिहिते. मी एकच बघते, मूल चुकलं की खेळणं काय करतं.

बटणांचा खोटा लॅपटॉप सगळ्यात आकर्षक दिसतो आणि सगळ्यात लवकर कोपऱ्यात पडतो. 'बदक कुठे आहे' विचारलं की माझी लेक मुद्दाम हत्तीवर बोट ठेवायची, कारण चुकल्यावर वाजणारा भोंगा तिला टाळ्यांपेक्षा जास्त आवडायचा, मग बदक राहिलं बाजूला आणि दिवसभर भोंगा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं 1978 सालचं स्पीक अँड स्पेल यापेक्षा शहाणं होतं, ते शब्द उच्चारायचं, मूल स्पेलिंग टाइप करायचं, एकदा चुकलं तर परत संधी आणि दुसऱ्यांदा चुकलं तर बरोबर स्पेलिंग स्वतः सांगायचं. आता घेताना दुकानातच मुद्दाम चुकीचं बटण दाबून बघा, नुसता आवाज येत असेल तर ठेवून द्या.

बोलणारा पेन मला जास्त पटला. पानावर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक ठिपके छापलेले असतात, पेनच्या टोकातला सेन्सर ते वाचतो आणि त्या जागेचा आवाज वाजवतो. हातात खरं पुस्तक राहतं, मूल पानं उलटतं, मधेच थांबून आपल्याला काहीतरी विचारतं. अडचण एवढीच की एका कंपनीचा पेन दुसऱ्या कंपनीच्या पुस्तकावर सहसा चालत नाही, त्यामुळे आधी पुस्तकं बघा, कुठल्या भाषेत आहेत, किती मिळतात, मग पेन.

टॅब घरात असेलच तर वेगळा खर्च नाही. खान अकॅडमी किड्स 2 ते 8 वर्षांसाठी आहे, फुकट आहे आणि जाहिराती नाहीत. स्क्रॅचज्युनियर 2014 मध्ये आलं, 5 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी, तेही फुकट, त्यात चित्रांचे ठोकळे जोडून मांजर चालवायचं असतं त्यामुळे वाचता येत नसलं तरी अडत नाही. बाकी फुकट अ‍ॅप्समध्ये मात्र जाहिरातीवर बोट पडून मूल भलतीकडेच पोचतं, म्हणून आयपॅडवर गाइडेड अ‍ॅक्सेस आणि अँड्रॉइडवर अ‍ॅप पिनिंग (जुन्या फोनवर स्क्रीन पिनिंग) चालू करूनच हातात द्या, मग मूल त्या एका अ‍ॅपमधून बाहेर जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये 2 ते 4 वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन बघायची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त 1 तास सांगितलीय, कमी असेल तर अजून चांगलं.

आणि रोबो. बी-बॉट म्हणजे पिवळी मधमाशी, पाठीवर बाणांची बटणं, ती ओळीनं दाबून शेवटी 'गो' दाबलं की त्या सूचनांप्रमाणे चालते, एका बाणाला 15 सेंमी पुढे किंवा मागे. डावीकडचा बाण दाबला की ती डावीकडे सरकत नाही, जागच्या जागी वळते, इथेच सगळी मुलं अडकतात. लेकीनं मधमाशी स्वतःकडे तोंड करून ठेवली होती, डावं दाबलं तर ती उलट्याच बाजूला वळली. ना भोंगा ना टाळ्या. लेक बराच वेळ नुसती बघत राहिली, मग उठली, मधमाशीच्या मागे जाऊन तिच्यासारखं तोंड करून बसली आणि परत दाबलं. मी काहीच सांगितलं नव्हतं. एक लक्षात ठेवा, आधीच्या सूचना पुसायचं बटण दाबलं नाही तर जुन्या आणि नव्या मिळून चालतात आणि मूल गोंधळतं.

महाग आहे हे खरं, पण दोन मुलं असतील किंवा शेजारपाजारचे मिळून घेणार असाल तर मी रोबोच घेईन. एकटं मूल आणि वय 3-4 असेल तर पेन. टॅब मुद्दाम विकत आणू नका. लॅपटॉप कुणी भेट दिला तरच.

काहीही घेतलंत तरी बॅटरीचं झाकण स्क्रूचं आहे का बघा. गोल चपटी बटण बॅटरी गिळली तर 2 तासांत अन्ननलिका भाजू शकते, तशी शंका जरी आली तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठा. घरातल्या जुन्या खेळण्यांची झाकणंही आजच तपासा.